नेब्युलाच्या फोटोंतले रंग खरे असतात की नंतर भरलेले? मुलाला दुर्बीण घेतली तर तसे दिसतील का?

रंग खरे असतात. ‘फोटोशॉपमध्ये भरलेत’ असं म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी एकही रात्र माउंटशेजारी (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या स्टँडशेजारी) काढलेली नसते. स्पष्ट लिहितेय, कारण हे वाक्य मी भर सभागृहात ऐकून घेतलंय.

आमच्या शहरातल्या एका फोटोग्राफी स्पर्धेत मी रोझेट तेजोमेघाचा (म्हणजे नेब्युलाचा, ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगाचा) फोटो दिला होता. मृगाच्या पूर्वेला, एकशृंग तारकासमूहात, सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर असलेलं ते लाल कडं. पुण्याजवळच्या वेल्ह्याच्या पुढे जाऊन, थंडीतल्या अमावास्येच्या आसपास, तीन-तीन मिनिटांच्या अनेक फ्रेम, म्हणजे सुटे फोटो, घेतल्या होत्या. परीक्षकांनी मूळ फाइल मागितली. मी एक रॉ फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्यातून आली तशी, कसलीही प्रक्रिया न केलेली, उघडली. एका फ्रेममध्ये काय दिसणार? तपकिरी आकाश, मधोमध ताऱ्यांचा पुंजका, भोवती जेमतेम लालसर झाक. ‘मग एवढा लाल आणलात कुठून?’ असं सगळ्यांसमोर विचारून त्यांनी फोटो बाजूला ठेवला.

आणला हायड्रोजनमधून. त्या मधल्या तरुण, तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते पुन्हा अणूत परतताना जो प्रकाश निघतो त्यात ६५६.३ नॅनोमीटरचा लाल ठळक असतो. तो प्रत्येक फ्रेममध्ये असतो, फक्त नॉइजखाली, म्हणजे फोटोतल्या दाणेदार खरखरीखाली, दबलेला. शंभर फ्रेम स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक ठेवून सरासरी काढली, की सिग्नलच्या तुलनेत नॉइज दहापट कमी होतो, मग स्ट्रेच केल्यावर, म्हणजे अंधुक भाग उजळवल्यावर, तो लाल वर येतो. नसलेला रंग स्ट्रेचने येत नाही.

डोळ्याला तो दिसत नाही हे बरोबर, पण तो डोळ्याचा दोष. अंधारात आपण ज्या दंडपेशींनी पाहतो त्यांना रंग कळत नाहीत, आणि या लाल प्रकाशाला तर त्या जवळजवळ आंधळ्या असतात. त्याच परीक्षकांचे पावसाळी धबधब्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत, लांब एक्स्पोजरचे, पाणी रेशमासारखं. तसं पाणी कुठल्या डोळ्याला दिसतं? तिथे कॅमेऱ्याने वेळ साठवला तर ती कला, आणि मी प्रकाश साठवला तर लबाडी?

आणि हा काही सॉफ्टवेअरच्या जमान्यातला शोध नाही. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट डोळ्यांनीच पाहिला, तेव्हा त्यात सुट्या ठळक रेषा दिसल्या. त्यांतली हिरवी रेषा कशाची हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवलं: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. आमच्या फोटोंतली निळसर-हिरवी छटा बहुतेक त्याचीच. कृत्तिकांभोवतीचा निळा मात्र धुळीने विखुरलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचा.

आता दुर्बिणीचं. नाही, तसे रंग दिसणार नाहीत. मृगातला तेजोमेघ काहींना किंचित हिरवट वाटतो, देवयानी दीर्घिका म्हणजे राखाडी धूसर डाग. चंद्र आणि शनीची कडी पाहायला दुर्बीण जरूर घ्या. फोटोच काढायचे असतील तर आधी पैसे ट्रॅकिंग माउंटवर घाला, मोठी दुर्बीण नंतर. माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने लावावा लागतो, आणि ध्रुवतारा पुण्याच्या बाजूला क्षितिजाच्या वर १८-१९ अंशच असतो, तेव्हा उत्तरेला डोंगर नसलेली जागा बघा.

एक सांगायला हवं: सगळेच फोटो असे नैसर्गिक रंगांचे नसतात. हबल अवकाश दुर्बिणीच्या १९९५ च्या प्रसिद्ध फोटोत (‘पिलर्स ऑफ क्रिएशन’, वायू-धुळीचे स्तंभ) गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग नेमून दिलाय, कारण गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात लालच, वेगळे ओळखू येत नाहीत. मीही सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, थोडं वाढवते. पण कुठला वायू कुठे आहे, हे कोणी बदलत नाही.

मुलाने पुढे कधी स्पर्धेत फोटो दिला तर खाली एकूण एक्स्पोजर, फिल्टर आणि कुठल्या वायूला कुठला रंग दिला ते छापायला सांगा. परीक्षकांनी रॉ मागितली तर एकटी फ्रेम देऊ नका. सगळ्या फ्रेम आणि स्टॅक केलेली, स्ट्रेच न केलेली फाइल द्या, आणि त्यांच्यासमोरच स्ट्रेच करून दाखवा. माझ्या वेळी तेवढी पाच मिनिटं कोणी दिली नाहीत.