वरच्या मजल्यावरील खोलीला दीड टनाचा एसी पुरेल, की दोन टनांचाच घ्यावा?

वरच्या मजल्यावरील १५० चौरस फुटांच्या खोलीला किती टनांचा एसी लागेल, आणि थंडीत उबेसाठीही तोच वापरायचा झाल्यास आणखी मोठा घ्यावा लागेल का, असे आपण विचारले आहे. विक्रेत्याने आपल्याला ‘मोठा घेतलेला बरा’ असे सांगितल्याचे वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हेच वाक्य माझ्या थोरल्या बंधूंनी उच्चारले होते आणि त्याचा त्रास आमच्या आईने दोन पावसाळे सोसला.

आईची खोली साधारण आपल्या खोलीएवढीच होती. पश्चिमेची खिडकी आणि तापलेले छत आधी हाताळावे आणि मग एक टनाचा एसी घ्यावा, असे माझे म्हणणे होते. बंधूंनी दोन टनांचा बसवला. उन्हाळा बरा गेला. पावसाळ्यात मात्र खोली गार होऊनही ओलसर राहू लागली, कपाटाची दारे फुगली, भिंतीलगत बुरशी धरली आणि आई गारठून पांघरूण घेई, तरी अंगाचा चिकचिकाट जात नसे. मी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा कॉम्प्रेसर सहा मिनिटे चालून नऊ-दहा मिनिटे बंद राहत होता. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीखाली रात्री बादली ठेवली, तर सकाळी तिचा तळही धड झाकलेला नव्हता.

कारण सरळ आहे. हवेतील बाष्प थंड कॉइलवर जमून ठिबकायला वेळ लागतो. नको तितका मोठा एसी तापमान झटकन उतरवून थांबतो आणि पंखा चालू राहिला तर कॉइलवरचे पाणी पुन्हा खोलीतच उडून जाते. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये आधुनिक वातानुकूलन यंत्रणेची आखणी केली, ती मुळात एका छापखान्यातील दमटपणा आवरण्यासाठी. माणसाला गार वाटण्यात बाष्पाचा वाटा किती मोठा आहे, हे आजही खरेदीच्या वेळी कोणी विचारात घेत नाही.

एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता उपसण्याची क्षमता. तिच्यापुढे खोलीत येणारी उष्णता मांडून पाहावी. पश्चिमेच्या दोन चौरस मीटर उघड्या काचेतून दुपारच्या उन्हात सुमारे एक किलोवॉट, म्हणजे पाव टनाहून थोडी अधिक उष्णता आत येऊ शकते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट देतो. आणि वरच्या मजल्यावर सर्वांत मोठा वाटा बहुधा छताचाच असतो. केवळ चौरस फुटांवरून टन ठरवणे मला मुळीच मान्य नाही. काचेला बाहेरून सावली करावी (आतला पडदा उष्णता आत शिरल्यावर अडवतो), छतावर पांढरा परावर्तक लेप द्यावा आणि मगच हिशेब करावा. तसे केल्यास आपल्याला दीड टन पुरेसा ठरेल, कदाचित एक टनही. दोन टन नकोच.

उबेसाठी मोठा एसी लागणार नाही. उन्हाळ्यात बाहेर ४२ आणि आत २५ अंश म्हटले तर १७ अंशांचा फरक आणि वर ऊन. थंडीत बाहेर १० आणि आत २० असताना फरक १० अंशांचाच, शिवाय ऊन आणि माणसे तेव्हा मदतच करतात. उष्ण प्रदेशात गारव्यासाठी निवडलेले यंत्र उबेला पुरते.

आमचा एसी ठरावीक वेगाचा होता, हे सांगायला हवे. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करू शकतो, त्यामुळे थोडा मोठा घेतला तरी इतके बिघडत नाही. पण त्यालाही खालची मर्यादा असते. हवा कोरडी असेल तर दमटपणाची तक्रार उरत नाही. तसेच एसीवर लिहिलेली क्षमता सहसा बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ४५ अंशांना ती घटते, म्हणून अशा ठिकाणी हिशेब अगदी काटेकोर धरू नये.

तिसऱ्या वर्षी आम्ही सावली केली, छताला लेप दिला आणि एक टनाचा एसी बसवला. हा फरक लेपामुळे पडला, एसीच्या आकारामुळे नव्हे, असे बंधू अजूनही म्हणतात. परंतु मी बादली पुन्हा ठेवली ती भर पावसातल्या रात्री, जेव्हा छतावर ऊन नव्हतेच, आणि पहाटेपर्यंत ती काठोकाठ भरून वाहत होती.