वाजवून झिजलेली गिटार घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार सर, मी चिपळूणची, चार वर्षं साधी प्लायवूडची गिटार वाजवतेय. पुण्यातले ओळखीचे एक काका मुलाकडे परदेशात कायमचे चाललेत आणि त्यांची गिटार विकतायत. बंगळूरच्या एका कारागिरानं हातानं बनवलेली आहे, टॉप म्हणजे वरची फळी सॉलिड (प्लायवूड नाही, अखंड लाकूड) स्प्रूसचा, मागची आणि बाजूची लाकडं शिसवीची. नऊ-दहा वर्षं रोज वाजलीये. फोटोत साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) खाली पॉलिश पार गेलेलं दिसतंय, नेकच्या (लांब दांड्याच्या) मागं अंगठ्याची जागा गुळगुळीत झालीये, फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खड्डे आहेत. ४५ हजार म्हणतायत. घरचे म्हणतात एवढ्यात नवी कोरी ब्रँडेड येईल, ही ओरखडे पडलेली कशाला. आणि आमच्याकडं पावसाळ्यात चपलांना पण बुरशी येते, तिथं ही टिकेल का? घेऊ का नको?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही जी तीन लक्षणं लिहिलीत त्यातली दोन मला दोष वाटतच नाहीत आणि तिसरा थोडक्यात दुरुस्त होतो. जुनी गिटार बघताना माझा एकच निकष असतो, ती वाजवून झिजलीये का न वाजवता पडून बिघडलीये. पॉलिश उडणं, नेक गुळगुळीत होणं, फ्रेटला तारांचे खड्डे पडणं हे सगळं वाजवून होतं, म्हणजे ही गिटार कुणाच्या तरी हातात रोज होती, तिच्या तारा बदलल्या जात होत्या, काही बिनसलं असतं तर त्या माणसाला लगेच कळलं असतं. कपाटावर आठ वर्षं पडलेली चकचकीत गिटार मला जास्त घाबरवते, कारण तिचं काय काय सुटलंय ते कुणालाच माहीत नसतं.

अमेरिकन गायक विली नेल्सनची गिटार बघा कधी. मार्टिन कंपनीची एन-२०, त्यांनी ती १९६९ मध्ये घेतली, नाव ठेवलं ट्रिगर. मुळात ती नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची, त्यामुळं टॉपवर पिकगार्ड (ओरखडे अडवणारी पट्टी) नाही, आणि हे वाजवतात पिकनं (तारा छेडायच्या छोट्या पातळ तुकड्यानं), मग साउंडहोलच्या बाजूला लाकूड घासून घासून दुसरं भोकच पडलं. तरी ती पन्नासहून जास्त वर्षं स्टेजवर वाजतेय, कारण आतले सांधे आणि आधाराच्या पट्ट्या वेळच्या वेळी बघितल्या जातात. तुमच्या काकांच्या गिटारचं नुसतं पॉलिश गेलंय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता खरं बघायचं काय ते. स्टीलच्या साध्या लाइट गेजच्या (कमी जाडीच्या) सहा तारा मिळून टॉपवर आणि नेकवर साधारण ७० ते ७५ किलोचा ताण असतो, आणि तो रात्रंदिवस असतो, तुम्ही झोपलेला असता तेव्हापण. टॉप जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा. त्यामुळं वर्षानुवर्षं काय होतं की ब्रिज (टॉपवर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) किंचित पुढं कलतो, त्याच्या मागं टॉपला थोडं पोट येतं, नेक हळूहळू तारांच्या दिशेनं ओढला जातो आणि तारा फ्रेटपासून वर वर जायला लागतात. मग आधीचा मालक काय करतो, ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, सॅडल, ती खालून घासून घेतो. पुन्हा दोन वर्षांनी पुन्हा घासतो. एक दिवस घासायला काही उरतच नाही. म्हणून काकांना सांगा की मोबाइल आडवा धरून सॅडलचा बाजूनं फोटो पाठवा. सॅडल ब्रिजच्या वर तीनएक मिलिमीटर दिसत असेल तर उत्तम.

दुसरा फोटो बाराव्या फ्रेटपाशी, छोटी स्टीलची पट्टी उभी धरून. जाड सहाव्या तारेचं अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक पहिल्या तारेचं पावणेदोनच्या आसपास असलं की हाताला बरं वाटतं. हे दोन आकडे एकत्रच वाचायचे बरं का, कारण बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. समजा अंतर साडेतीन आहे आणि सॅडल दीडच मिलिमीटर उरलंय, तर नेक काढून त्याचा कोन बदलून परत बसवावा लागेल, त्याला नेक रीसेट म्हणतात, आणि तो मोठ्या खर्चाचा मामला आहे. मग ४५ हजारला ही गिटार घेऊ नका, किंवा तो खर्च वजा करून भाव बोला. नेक बोल्टनं बसवलाय का सरसानं पक्का चिकटवलाय हे पण विचारा. बोल्टचा असेल तर रीसेट बराच सोपा जातो.

त्यानंतर मात्र प्रत्यक्ष पुण्याला जा, फोटोवर पैसे पाठवू नका, काका कितीही सज्जन असले तरी. गेल्यावर साधा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा, आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय. मोबाइल साउंडहोलमधून आत सोडून, टॉर्च लावून व्हिडिओ काढा आणि सावकाश बघा, पट्ट्या सगळ्या चिकटलेल्या आहेत का, कुठं नव्या डिंकाचे ओघळ आहेत का, कोपऱ्यात पिठासारखी लाकडाची पूड साठलीये का (पूड असेल तर कीड आहे, तिथूनच परत या). टॉपवर बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी टकटक करा, एखाद्या जागी खर्रखर्र किंवा चिरका आवाज आला तर आतली पट्टी सुटलीये. साउंडहोलची कड निरखून बघा, वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून सलग खाली उतरताना दिसल्या तर टॉप खरंच सॉलिड. हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या टोकाच्या) मागं, जिथं नेक बारीक होतो, तिथं आडवी भेग बुजवल्याची खूण आहे का ते बघा. तिथं तुटून नीट जोडलेली गिटार छान वाजू शकते, पण किंमत निम्म्याजवळ यायला हवी.

फ्रेटचे खड्डे पहिल्या तीन फ्रेटवर आणि बारीक तारांखाली असणार, सगळ्यांचे तिथंच असतात. उथळ असतील तर फ्रेट घासून एका पातळीत आणतात, खोल असतील तर तेवढे फ्रेट नवे घालतात. दोन्ही कामं नेहमीची आहेत. पुण्या-मुंबईत जो कारागीर तुम्ही धरणार त्याला आधीच फोटो दाखवून खर्च विचारून ठेवा आणि तो आकडा हातात घेऊन काकांशी बोला.

घरच्यांचा मुद्दा पण अगदीच चुकीचा नाहीये हं. ब्रँडेड गिटार उद्या विकायची म्हटलं तर मॉडेल नंबर सांगितला की भाव ठरतो, हाताच्या गिटारला तसा बाजारभाव नसतो, तिला योग्य गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. म्हणून दोन-तीन वर्षांत विकायचा विचार असेल तर नवी घ्या. पण वाजवायला, ठेवायला हवी असेल तर सगळीकडून सॉलिड लाकूड, माणसानं एकेक टॉप हातात घेऊन, वाकवून, ठोकून पातळ केलेला, हे ४५ हजारात नव्या गिटारमध्ये मिळणं कठीण आहे. आणि एक मोठा फायदा, कारागीर हयात आणि कामात असेल तर आतल्या लेबलवरचं नाव बघून त्यालाच फोन करा. मिरजेचा तंबोरा जवारीला पुन्हा त्याच कारागिराच्या घरी नेतात ना, तसं हे नातं असतं, त्याला आठवत असतं त्या टॉपला कुठं जाड ठेवलंय.

वाजवून वाजवून आवाज मोकळा होतो असं काका सांगतील. पुष्कळ वादक मनापासून तसं मानतात, मलाही जुन्या स्प्रूसचा आवाज आवडतो, पण पैसे त्या दिवशी तुमच्या कानाला जे ऐकू येतंय त्याचेच द्या. पुढं आणखी खुलेल या भरवशावर एक रुपया जास्त देऊ नका.

कोकणच्या हवेचं. सॉलिड लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, तुमच्याकडं जुलैत ती नव्वदीला टेकते. लाकूड पाणी पितं, टॉप फुगतो, तारा वर जातात. गिटार मेली असं नाही, पण महिनोन्‌महिने तशी राहिली तर सांधे ढिले होतात. उपाय असा की हार्ड केस घ्याच, आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आणि सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून सुकवा आणि परत ठेवा, वाजवून झालं की लगेच केसमध्ये. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, उन्हात तिथं डिंक मऊ पडतो आणि ब्रिज उचकटतो. आणि पॉलिश लाखेचं आहे का ते कारागिराला विचारा. असेल तर सॅनिटायझर लावलेल्या हातानं गिटारला शिवायचंसुद्धा नाही, स्पिरिटनं लाख विरघळते.

सॅडल आणि बाराव्या फ्रेटचे आकडे ठीक निघाले तर घ्या. माझं मत स्पष्ट घ्या असंच आहे.

प्रश्न : वडिलांची नायलॉन तारांची जुनी गिटार माळ्यावर होती. आवाज लहान वाटतो म्हणून स्टीलच्या तारा लावाव्या म्हणतोय. उन्हाळ्यात टॉपला एक बारीक उभी चीर पण गेलीये, फेविक्विकनं भरू का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही नका करू, प्लीज. नायलॉनच्या तारांचा एकूण ताण स्टीलच्या जवळपास निम्मा असतो आणि त्या गिटारचा टॉप, आतल्या पंख्यासारख्या पट्ट्या, ब्रिज सगळं तेवढ्याच ताणाला बनवलेलं. स्टील लावलं की काही दिवसांत किंवा काही महिन्यांत ब्रिज उपटून हातात येईल, टॉपसकट येऊ शकतो.

चीर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यामुळं आहे. लाकूड रेघांच्या आडव्या दिशेनं आकसतं आणि जिथं कमजोर तिथं फाटतं. फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोचतायत का बघा, बोचत असतील तर नक्की तेच. आधी तारा सैल करा, केसमध्ये साबणाच्या भोकाभोकाच्या डबीत ओला पण न गळणारा स्पंज ठेवा आणि आठवडा-दोन आठवडे थांबा, चीर बरीचशी आपोआप मिटते. मग कारागीर ती चिकटवून आतून छोटे लाकडी तुकडे आडवे लावतो. फेविक्विक एकदा आत गेलं की ते काढता येत नाही आणि नंतर चांगला जोड बसत नाही. आवाजासाठी नवी, थोडी जास्त टेन्शनची नायलॉनचीच तार लावा, माळ्यावरच्या तारा मेलेल्याच असणार.

प्रश्न : न्यू जर्सीत सत्तरच्या दशकातली एक मार्टिन मिळतेय, येताना पुण्याला आणायचीये. शिसवी लाकडामुळं विमानतळावर अडवतात म्हणे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : २०१७ च्या सुरुवातीपासून शिसवीच्या सगळ्या जाती साइट्सच्या (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आल्या आणि वादकांची फार धावपळ झाली, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळालीये. अपवाद ब्राझिलियन शिसवीचा. ती १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे आणि तिला कागदपत्रं लागतातच. मार्टिननं १९६९ च्या सुमारास ब्राझिलियन सोडून भारतीय शिसवी वापरायला घेतली, म्हणजे तुमची सत्तरच्या दशकातली असेल तर तिची पाठ बहुतेक आपल्याकडच्याच जंगलातली आहे. नेकच्या टोकाला आतल्या ठोकळ्यावर नंबर असतो, त्यावरून वर्ष काढा. १९६९-७० च्या आसपासची निघाली तर जाणकाराकडून लाकूड ओळखून घ्या, मॉडेल डी-१८ असेल तर पाठ आणि बाजू महोगनीच्या, मग निदान त्यांच्यापुरता हा प्रश्न नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी मात्र बघा. मार्टिनमध्ये नेक सरळ करायचा फिरवता येणारा रॉड १९८५ पासून आला, तुमच्या गिटारमध्ये तो नसणार, त्यामुळं नेक वाकलेला असेल तर पान्यानं सुटणार नाही, वर चिपळूणच्या वाचकाला सांगितलेली मापं तुम्ही जास्तच कडक घ्या. आणि त्या काळातल्या काही गिटारवर ब्रिज किंचित चुकीच्या जागी बसलेला असतो, तो असा तपासा, बाराव्या फ्रेटवर तारेला बोट नुसतं टेकवून, न दाबता हार्मोनिक (घंटेसारखा बारीक स्वर) वाजवा, मग तीच तार दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. वरचे स्वर सगळ्या तारांवर चढे किंवा उतरे येत असतील तर दुकानदाराला ब्रिज दुरुस्तीचा खर्च भावातून कमी करायला सांगा, आणि तो तयार नसेल तर दुसरी बघा, तुमच्या भागात जुन्या मार्टिन भरपूर फिरत असतात.