हरिभाऊ वाचताना कोश किती वेळा उघडावा?

जुनं मराठी वाङ्मय वाचून शब्दसंपत्ती कशी वाढवावी, याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : शब्दसंपत्ती वाढवायची म्हणून थेट ज्ञानेश्वरी हाती घेतली. पहिल्याच अध्यायात अडकलो आहे. दर ओवीला तीन-चार शब्द अडतात. नेटाने पुढे जावं का? (सांगली)

भक्तीसाठी किंवा काव्यासाठी घेतली असेल तर सार्थ प्रत घ्या आणि खुशाल पुढे जा. शब्दसंपत्तीसाठीच घेतली असेल तर तूर्त ठेवून द्या. १२९० सालच्या मराठीत शब्दांबरोबर प्रत्ययही निराळे आहेत आणि वाक्याची जुळणीही. अनोळखी शब्दाचा अर्थ आपण आजूबाजूच्या ओळखीच्या शब्दांवरून ताडतो. इथे आजूबाजूचंच ओळखीचं नसतं, त्यामुळे ताडायला आधार उरत नाही आणि सगळा भार कोशावर पडतो.

काळात एक-एक पायरी मागे जावं. सुरुवातीला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३४ पासून भागाभागांनी आलेलं हे पुस्तक बोलल्यासारखं लिहिलेलं आहे, पण त्यातली घरगुती मराठी आज कानावर पडत नाही. मग हरिभाऊ आपटे. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. तिची प्रकरणं बेताची आहेत आणि कथा ओढून नेते, म्हणून एखादा शब्द सुटला तरी वाचन अडत नाही. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४–१८८१) त्यानंतर, आणि तीही सलग नको. एकेक निबंध घ्या. तिथली वाक्यं लांबलचक, एकात एक गुंफलेली असतात. घाईने वाचणाऱ्याला क्रियापद सापडेपर्यंत कर्ता विसरायला होतो. बखरी त्याच्या मागे आणि संतवाङ्मय सर्वांत शेवटी.

पुस्तक आपल्याला पेलेल की नाही, हे ठरवायला मधलं कुठलंही पान उघडा आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने टिंब द्या. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात, असा भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. तीनशे शब्दांच्या पानावर सहा टिंबं आली तर पुस्तक अगदी योग्य. दहा-बाराही चालतील, पण वाचन संथ होईल. वीस झाली तर ते पुस्तक वर्षभराने घ्या.

आता कोशाचं. प्रकरण पहिल्यांदा वाचताना कोश उघडायचाच नाही. टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. प्रकरण संपलं की टिंबं परत पाहा. तीसपैकी दहा-बारा शब्दांचा अर्थ एव्हाना पुढच्या मजकुरावरून लागलेला असतो. उरलेल्यांपैकी जे दोनदा आले किंवा ज्यांच्यावाचून प्रसंगच कळला नाही, असे पाच-सहाच शब्द कोशात पाहा. दर शब्दाला कोश उघडणाऱ्याची कथा तुटते आणि चौथ्या प्रकरणाच्या आसपास पुस्तक कपाटात जातं.

प्रश्न : वहीत सहाशेच्या वर शब्द अर्थासह लिहिले आहेत. लिहायला बसलं की एकही आठवत नाही. कुठे चुकतंय? (नाशिक)

वहीचा नमुना तुम्ही पाठवलात ते बरं झालं. डावीकडे शब्द, उजवीकडे एका शब्दात अर्थ. ‘भीड : संकोच’ अशी नोंद तिथे आहे. एवढ्यावर कोणालाही भीड वापरता येणार नाही. हाच शब्द घेऊ.

भीड स्त्रीलिंगी, सामान्यरूप ‘भिडे-’ : भिडेने, भिडेखातर. तिच्याबरोबर कोणती क्रियापदं येतात ते महत्त्वाचं. भीड *पडते*, म्हणजे समोरच्याच्या मोठेपणामुळे नाही म्हणवत नाही. भीड *घालतात*, म्हणजे आपलं वजन किंवा ओळख वापरून गळ घालतात. इथे संकोच घालणाऱ्याला नाही, दुसऱ्याला होतो. भीड *चेपते*, म्हणजे सवयीने बुजरेपणा जातो. भीड *मोडवत नाही*, म्हणून नको असलेलं काम अंगावर येतं. कोणाची भीड *न धरता* बोलणारा स्पष्टवक्ता. शिवाय भिडस्त, भीडभाड, भीडमुर्वत ही भावंडं आणि ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण. या सगळ्यात ‘संकोच’ घालून पाहा. ‘संकोच चेपला’ असं कोणी म्हणत नाही, आणि ‘संकोच घातला’ याला तर काही अर्थच नाही.

म्हणून नोंद अशी करा : वर शब्द, लिंग आणि सामान्यरूप. खाली पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, पान क्रमांकासह. मग त्याच्याबरोबर येणारी दोन-तीन क्रियापदं. सर्वांत खाली आजच्या व्यवहारातलं तुमचं स्वतःचं वाक्य, उदाहरणार्थ सोसायटीच्या सभेतलं किंवा कार्यालयातलं. हे शेवटचं वाक्य जमत नसेल तर तो शब्द अजून तुमचा झालेला नाही. तो ‘ओळखीचे’ म्हणून वेगळ्या पानावर टाका. ओळखीचे शब्द पुष्कळ असावेत, वापरातले थोडे. सगळेच वापरायची हौस केली की लेखन नाटकातल्या राजासारखं बोलू लागतं.

एका दिवशी पाचपेक्षा जास्त नोंदी नकोत. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, दहा दिवसांनी आणि महिन्याने. उजळणी म्हणजे नोंद पुन्हा वाचणं नव्हे. शब्द झाकायचा, पुस्तकातलं वाक्य वाचायचं आणि गाळलेली जागा मनाशी भरायची. जे नुसतं वाचतात त्यांना सगळं येतंय असं वाटत राहतं, आणि नेमकी वेळ आली की तोंडात शब्द येत नाही. सहाशेपैकी जुन्या नोंदींचं काय करावं असंही तुम्ही विचारलंय. चाळा, आजही पुस्तकात कुठे भेटले असे पन्नास निवडा, बाकीचे सोडून द्या.

प्रश्न : पुस्तकात शब्द असतो, पण कोशात सापडत नाही. असं वारंवार होतं. (अमरावती)

बहुतेक वेळा शब्द कोशात असतो, आपण भलत्या रूपाने शोधत असतो. तीन कारणं नेहमीची.

पहिलं सामान्यरूप. विभक्ती लागली की शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ ई किंवा ऊ ऱ्हस्व होते : विहीर–विहिरीत, सून–सुनेस, वीट–विटेला. तीन अक्षरी शब्दात ती कधी पार नाहीशी होते : बेरीज–बेरजेत, लाकूड–लाकडाला. कोशात जाताना ही वाट उलटी चालायची. ‘भिडेस’ अडलं तर आधी ‘स’ काढा, मग ‘भिडे’चं ‘भीड’ करा.

दुसरं कारण अनुस्वार. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली लागू झाले आणि उच्चारात नसलेली टिंबं गेली. त्याआधीच्या पुस्तकांत केलें, नाहीं, कीं, त्यानें असंच छापलेलं असतं. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हेही त्याआधीचे, म्हणून तिथे क्रियापद ‘करणें’ असं टिंबासह मिळतं. संगणकावर ‘करणे’ टाकून काही आलं नाही तर टिंब देऊन पाहा. याच टिंबाने अर्थाचाही घोटाळा होतो. आज ‘घरात’ एकवचन आणि ‘घरांत’ अनेकवचन. जुन्या छपाईत ‘घरांत’ हे एका घरासाठीही येतं. नवा वाचक तिथे उगाच चार घरं पाहतो.

तिसरं कारण फारसी-अरबी शब्दांची मराठी घडण. बखरीत आणि कागदपत्रांत एकच शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. मोठ्याने वाचून पाहा. डोळ्याला न पटलेला शब्द कानाला पटतो. बखरीच्या शब्दांना भिऊ नका, त्यातले कितीतरी अजून तलाठ्याच्या दप्तरात नांदताहेत : वहिवाट, नजराणा, सनद, दस्तऐवज, इनाम.

कोणता कोश कशासाठी, हेही इथेच सांगतो. मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७) एकोणिसाव्या शतकातल्या गद्यासाठी उत्तम, कारण त्यातले अर्थ त्याच काळातले आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. मात्र अर्थ इंग्रजीत आहेत. दाते-कर्वे यांचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले. त्यांचा मोठा गुण असा की शब्दाखाली ग्रंथातली उदाहरणं मिळतात. ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा, ‘(ल.)’ म्हणजे लाक्षणिक अर्थ. खुणांची यादी सुरुवातीला दिलेली असते, ती आधी वाचा. वाक्प्रचार अडला तर त्याच जोडीचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ पाहा. अनेक कोश एकदम चाळायचे तर ‘बृहद्कोश’ हे संकेतस्थळ सोयीचं आहे.

प्रश्न : शब्द ओळखीचा असतो, तरी ओळीचा अर्थ लागत नाही. (कोल्हापूर)

हे शब्द अनोळखी शब्दांपेक्षा जास्त फसवतात, कारण त्यांच्याखाली आपण टिंबच देत नाही. उत्तम व्यवहाराने धन जोडून ते ‘उदास विचारें’ खर्च करावं असं तुकोबा सांगतात. तिथे तोंड पाडून पैसे देणारा माणूस नाही. उदास म्हणजे आसक्ती नसलेला. ज्ञानेश्वरीत ‘विज्ञान’ म्हणजे प्रपंचाचं ज्ञान, प्रयोगशाळेशी त्याचा संबंध नाही. ‘कौतुक’ शाबासकीऐवजी नवल किंवा लीला या अर्थी येतं. जुन्या गद्यात ‘साहस’ बऱ्याचदा अविचाराने केलेली गोष्ट असते, त्यामुळे तिथे साहसी माणसाची स्तुती चालली आहे असं समजलात तर पुढचं पान बुचकळ्यात पाडेल. ‘संसार’ तर संतांकडे सासर-माहेरापेक्षा फार मोठा आहे.

खूण एकच : सगळे शब्द कळले आणि तरी वाक्य विचित्र वाटलं, तर सर्वांत साधा दिसणारा शब्द कोशात पाहा. आणि तिथे पहिल्या अर्थावर थांबू नका. जुना अर्थ तिसरा-चौथा असू शकतो. वहीत या शब्दांना वेगळं पान द्या, एका बाजूला तेव्हाचा अर्थ, दुसऱ्या बाजूला आताचा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ केल्या तर जुनी पुस्तकं वाचायची गरज आहे का? (लातूर)

गुणांपुरती नाही. याद्या पाठ करा, प्रश्न सुटतील. पण पाणी, जल, नीर, उदक, तोय हे परीक्षेत समानार्थी असले तरी नळाला उदक येत नाही आणि दानाच्या वेळी जल सोडत नाहीत. निबंधाचा पेपर असेल तर यादीबरोबर रोज दोन पानं जुनं गद्य वाचा. कुठला शब्द कुठे शोभतो ते यादीत लिहिलेलं नसतं.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, मेलबर्नमध्ये वाढते आहे. मराठी समजतं, वाचायला कंटाळते. तिला जुनी पुस्तकं झेपतील का?

स्वतः वाचायला लावू नका. तुम्ही मोठ्याने वाचा, रोज दहा मिनिटं, आणि पानाला एकाच शब्दापाशी थांबा. प्रत्येक शब्द समजावत बसलात की गोष्टीचा पाठ होतो आणि ती उठून जाते.

तिची खरी अडचण संस्कृत शब्दांची नसणार, वस्तूंची असेल. उंबरठा, कोनाडा, माजघर, उखळ यांचा अर्थ शब्दांनी सांगून भागत नाही. एका कागदावर कोकणातल्या जुन्या घराचा नकाशा काढा : अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, परसू. पुस्तकात पाहुणा आला की तो ओटीवर बसतो, बायका माजघरातून ऐकतात, भांडी परसात घासली जातात. पात्रं नकाशावर बोटाने हलवू द्या. कोण कुठवर येऊ शकतं हे कळलं की अर्धी कथा न सांगता उलगडते. नकाशा पुस्तकातच ठेवून द्या, पुढच्या पुस्तकालाही चालेल.

प्रश्न : हरिभाऊंची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. ती वाचावीत, की संक्षिप्त आवृत्ती विकत घ्यावी? (ठाणे)

संक्षिप्त नकोच. संक्षेप करणारा आधी वर्णनं आणि लेखकाचं भाष्य कापतो, आणि तुम्हाला हवे असलेले शब्द नेमके तिथेच असतात. फुकट वाचायला कायद्याचीही अडचण नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो आणि हरिभाऊ १९१९ साली गेले.

फक्त प्रत पाहून घ्या. मूळ पानांची छायाचित्रं असतील तर उत्तम. संगणकाने चित्रावरून उतरवलेला मजकूर असेल तर त्यात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांची अदलाबदल हमखास असते. ‘धन’चं ‘घन’ होतं, ‘भार’चा ‘मार’ होतो, आणि तुम्ही अर्धा तास कोशात नसलेला शब्द शोधत बसता. शब्द कुठेच मिळत नसेल तर त्यातलं एक अक्षर या जोड्यांप्रमाणे बदलून पाहा. मग वाचनालयातल्या छापील प्रतीशी ताडा.