रिडक्शननंतर गोळ्यांचा भुगा होतोय? बाइंडर वाढवण्याआधी हे वाचा

अमोनिया बनवायच्या लोखंडी कॅटॅलिस्टबद्दलची (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) तुमची पोस्ट वाचली आणि म्हटलं, हे तर आपलंच जुनं दुखणं. मॅग्नेटाइटची (लोखंडाचा काळा ऑक्साइड) पूड, त्यात अ‍ॅल्युमिना, पोटॅश (पोटॅशियमचं संयुग) आणि थोडा चुना, दाबून केलेल्या गोळ्या. भट्टीतून काढल्या तेव्हा भक्कम, हायड्रोजनमध्ये रिडक्शन झालं (ऑक्सिजन काढून ऑक्साइडचं लोखंड केलं) की भुगा. म्हणून तुम्ही बाइंडर (कण बांधून ठेवणारा पदार्थ) घातलात, कोलॉइडल सिलिका. गोळ्या टिकल्या, पण अमोनिया निम्म्यावर आला. आता विचारताय, सिलिका किती टक्के ठेवू?

माझ्या मते शून्य. सिलिका आम्लधर्मी, पोटॅश अल्कधर्मी. भट्टीत दोघं भेटले की सिलिकेट होऊन बसतात. नायट्रोजनचा रेणू फोडणं ही या अभिक्रियेतली सगळ्यात जड पायरी, आणि पोटॅशियम लोखंडाला मदत करतं ते तिथेच. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड एर्ट्ल यांच्या प्रयोगांतून दिसलं. त्यांना २००७ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. थोडक्यात, ज्याच्या जिवावर कॅटॅलिस्ट चालतो तेच तुम्ही बाइंडरला खाऊ घातलंत. बेंटोनाइट आणि सिमेंटमध्येही सिलिका असतेच, त्यामुळे तिकडेही वळू नका.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दिलेला क्रश स्ट्रेंग्थचा (गोळी किती भाराला फुटते त्याचा) आकडा ऑक्साइड अवस्थेतला आहे ना? मग तो बाजूला ठेवा. मॅग्नेटाइट पूर्ण रिड्यूस होताना त्याचं २८ टक्क्यांच्या आसपास वजन ऑक्सिजनच्या रूपाने निघून जातं. चांगल्या दाण्याचं बाहेरचं माप मात्र जवळपास तेवढंच राहतं. हिशेब केलात तर घन पदार्थाचं आकारमान निम्म्याच्या खाली येतं, म्हणजे उरलेला अर्धा दाणा नुसती छिद्रं. ही छिद्रं हवीच आहेत, पृष्ठभाग तिथूनच मिळतो. पण भार सोसायचा आहे तो या जाळीदार लोखंडाला. रिडक्शनआधीचा ऑक्साइड किती टणक होता याला तिथे कोणी विचारत नाही.

इथेच आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. नाव घेत नाही, पण आमचे नमुने एका मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळेत जायचे. रिपोर्टवर एकच आकडा: सरासरी. खाली गोल शिक्का. प्रत्येक गोळीचा आकडा मागितला, तर ‘आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही.’ रिड्यूस केलेला नमुना तपासा म्हटलं, तर ‘पेट घेणारा माल घेत नाही.’ हे एक वेळ मान्य, ताजं रिड्यूस केलेलं लोखंड हवेत खरंच पेटतं. म्हणून पॅसिव्हेट करून (पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढवून) नेला, तर ‘नमुना मूळ अवस्थेत नाही, स्कोपच्या बाहेर.’ सुरक्षा विभागाचं पत्र आणा, मग पत्राचा नमुना चुकला, मग साहेब रजेवर. आणि आमच्याकडचे वरिष्ठ? त्यांना शिक्का दिसला, विषय संपला. बॅच पायलट रिअ‍ॅक्टरमध्ये लोड झाली. स्टार्टअपनंतर प्रेशर ड्रॉप (थरातून जाताना गॅसचा दाब किती पडतो तो) चढत गेला तो थांबेना. शेवटी बेड, म्हणजे भरलेल्या दाण्यांचा थर, उपसला. वरचे दाणे अखंड होते, पण बोटात धरून दाबले की चुरा. तळाच्या जाळीवर करड्या पिठाचा थर बसलेला. सरासरी आकडा तेव्हाही उत्तमच होता! बेडला सरासरीशी देणंघेणं नसतं. सगळ्यात कमकुवत थोडे दाणे आधी फुटतात आणि त्यांचं पीठ बाकीच्यांमधल्या जागा बुजवतं. त्यामुळे कुठल्याही लॅबकडून सुटे आकडे मिळत नसतील तर तिथे पैसे घालू नका. साधं फोर्स गेज घेऊन स्वतः मोजा आणि खालच्या टोकाचे आकडे आधी बघा.

पॅसिव्हेशन मात्र जपून. नायट्रोजनमध्ये अगदी थोडा ऑक्सिजन, एक टक्क्याच्या आतून सुरुवात, बेडचं तापमान चढायला लागलं की ऑक्सिजन बंद. गाइडसमोर केल्याशिवाय एकट्याने करू नका. काही झालं तर मी जबाबदार नाही, हे आधीच सांगतो.

रिडक्शनचा वेग हा दुसरा गुन्हेगार. एक टन मॅग्नेटाइटमधून ३०० किलोहून जास्त पाणी बाहेर पडतं. दाण्याच्या गाभ्यातून निघालेली वाफ बाहेरच्या, आधीच रिड्यूस झालेल्या थरातून वाट काढते; तिथलं लोखंड परत ऑक्सिडाइज होतं, परत रिड्यूस होतं, स्फटिक वाढत जातात आणि अ‍ॅक्टिव्हिटी कायमची उतरते. तेव्हा गॅसचा प्रवाह भरपूर ठेवा, तापमान सावकाश चढवा आणि बाहेर पडणाऱ्या गॅसचा ड्यू पॉइंट (गॅसमध्ये वाफ किती ते सांगणारं तापमान) बघत चला. पाणी वाढलं की तापमान तिथेच थोपवायचं, घड्याळाकडे बघायचं नाही. अ‍ॅल्युमिना वाढवलात तर पृष्ठभाग टिकतो पण रिडक्शन रेंगाळतं, हेही लक्षात असू द्या. कारखान्यात घाई असते तिथे सरळ प्री-रिड्यूस्ड (आधीच रिडक्शन करून दिलेला) माल घेतात.

आणि गोळ्याच का? कारखान्यातला लोखंडी कॅटॅलिस्ट दाबून करत नाहीत. सगळं एकत्र वितळवतात, थंड करतात, फोडतात, चाळतात. मजबुती त्या वितळण्यातून येते, बाइंडर लागतच नाही. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत रसायनशास्त्रज्ञ मिटाश यांनी हजारो मिश्रणं तपासली. त्यात स्वीडनच्या येलिव्हारे खाणीतलं मॅग्नेटाइट अनपेक्षितपणे चांगलं निघालं, ते त्यातल्या अशुद्धींमुळे. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाउचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला, आणि लोखंड, अ‍ॅल्युमिना, पोटॅश, चुना ही घराणेशाही आजही चालू आहे. इंडक्शन फर्नेस असलेला धातुशास्त्र विभाग जवळ असेल तर त्यांच्याशी मैत्री करा. वितळवण्याची सोय झालीच तर वुस्टाइट (कमी ऑक्सिजन असलेला लोखंडाचा ऑक्साइड) बेसही करून बघा. चीनमध्ये १९८० च्या दशकात ल्यू हुआझांग यांच्या गटाने तो पुढे आणला; तो कमी तापमानाला आणि लवकर रिड्यूस होतो.

फोडलेल्या दाण्यांच्या धारदार कडा लोडिंगमध्येच तुटतात, म्हणून आधी ड्रममध्ये फिरवून घ्या आणि पीठ चाळून टाका. बारीक दाणा जास्त अ‍ॅक्टिव्ह असतो, पण प्रेशर ड्रॉप वाढवतो. रेडियल फ्लो कन्व्हर्टर (अमोनियाचे रिअ‍ॅक्टर, ज्यांत गॅस बेडमधून आडवा जातो) आले म्हणून १.५ ते ३ मिलिमीटरचा दाणा परवडायला लागला.

थोडी भडास. पेपरमध्ये सगळे अ‍ॅक्टिव्हिटी दर ग्रॅमला देतात. कन्व्हर्टरचं आकारमान ठरलेलं असतं, तिथे दर लिटरला किती अमोनिया हे विचारतात. हलक्याफुलक्या सपोर्टवरचा (आधार म्हणून वापरलेल्या पदार्थावर बसवलेला) कॅटॅलिस्ट ग्रॅमवर राजा आणि लिटरवर भिकारी असू शकतो. तुमच्या कमिटीत कोणी ‘लोखंडाऐवजी रुथेनियम धातू का नाही?’ विचारणारच. त्यावर मी कधी काम केलेलं नाही, त्यामुळे सल्ला देत नाही. पण कॅनडात किटिमटला १९९२ पासून कार्बनवरचा रुथेनियम व्यापारी पातळीवर चालवला गेला, आणि हायड्रोजनमध्ये तो कार्बन सपोर्टच मिथेन होऊन झिजू शकतो, एवढं त्यांना ऐकवा. मजबुतीचा प्रश्न तिथेही सुटत नाही, फक्त जागा बदलतो.

पुढच्या पोस्टमध्ये रिडक्शनचा तापमान आणि ड्यू पॉइंटचा आलेख टाका, आणि सिलिका घातलेल्या गोळ्या पाण्यात ढवळून किती पोटॅशियम सुटतं ते सिलिका नसलेल्या गोळ्यांशी ताडून बघा. वितळवण्याची सोय कुठे होऊ शकते, तुमचं शहर कोणतं, तेही लिहा.