वाचक विचारतात : सोमवतीला जेजुरीला जाताना

प्रश्न : ताई, मी नाशिकची, वय 23. खंडोबा आमचं कुलदैवत. येत्या सोमवती अमावस्येला आजीला घेऊन जेजुरीला जायचं ठरलंय. नुकताच एक वापरलेला कॅमेरा घेतलाय, सोबत 18-55 ची लेन्स आहे. भंडाऱ्यात कॅमेरा कसा सांभाळू? उभी कुठे राहू? आणि लोकांचे फोटो काढले तर त्यांना राग येईल का?

उत्तर : कॅमेऱ्याचं नंतर सांगते, आधी आजीचं. तिला सोमवारी दुपारी पायऱ्यांवर नेऊ नकोस. रविवारीच जेजुरीत पोच. पुणे-मिरज मार्गावर जेजुरी स्टेशन आहे, तिथून गाव जवळ. संध्याकाळी गर्दी वाढायच्या आत तिचं दर्शन उरकून घे, तळी भरून घे. सोमवारी तिला गडाच्या पायथ्याशी ओळखीच्या घरात किंवा धर्मशाळेच्या ओट्यावर बसव. पालखी कऱ्हेवर स्नानाला जाताना गावातूनच जाते, तिला बसल्या जागी दिसेल. निघायची वेळ अमावस्या कधी लागते त्यावर ठरते आणि दरवेळी बदलते, म्हणून आदल्या दिवशी गावात विचारून ठेव.

मी सासवडची. तीस वर्षं लग्नाचे नि पासपोर्टचे फोटो काढून पोट भरलं, पण सोमवती सहसा चुकवली नाही. तुला एकच गोष्ट पक्की सांगायची आहे : पाठीला भिंत असेल तरच कॅमेरा डोळ्याला लाव. चालताना, पायरीवर, उतारावर तो गळ्यातच राहू दे.

हे मी एका आजींच्या मनगटावर शिकले. बारा-तेरा वर्षांपूर्वीची सोमवती. पालखी महाद्वारातून बाहेर पडत होती आणि मी पायऱ्यांवर तिच्या पुढे, एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यात. चौकटीत पालखी मावेना म्हणून मी एक पाऊल मागे सरले. मागे एक आजी ताट घेऊन उभ्या होत्या. भंडाऱ्याने पायरी आधीच निसरडी झालेली. त्या बसल्याच खाली. ताटातलं खोबरं पायऱ्या उतरत गेलं. दोन पोरांनी हात देऊन त्यांना कडेला घेतलं, नाहीतर वरून येणाऱ्या लोंढ्यात काय झालं असतं ते मनात आणवत नाही. मनगट सुजलं होतं. प्रथमोपचाराच्या मांडवात पट्टी बांधेपर्यंत त्या एकच विचारत होत्या, "पालखी गेली का गं?" गेली होती. नातवाच्या नवसाला आलेल्या बाईचं पालखीचं दर्शन माझ्यामुळे हुकलं. माझ्या कॅमेऱ्यात पालखीच्या दोन फ्रेम होत्या, त्यातली एक मी त्यांना दाखवली. त्यांनी त्या एवढ्याशा पडद्याला बोटं लावली आणि डोळ्यांना लावली. पडद्यावर पिवळे ठसे उमटले. त्या गडबडीत मी त्यांचा पत्ता घेतला नाही. त्या फोटोची प्रत आजही माझ्या कपाटात आहे.

म्हणून जागा आधी हेर. कोटाच्या आत चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत. सकाळी लवकर वर गेलीस तर एखाद्या ओवरीच्या खांबाला टेकून उभं राहता येतं. समोर देऊळ, पितळी पत्र्याने मढवलेलं मोठं कासव आणि मानकऱ्यांची लगबग, सगळं तिथून दिसतं. मानकऱ्यांचा इशारा झाला की खांदेकरी पालखी उचलतात, आणि त्या क्षणी चारी बाजूंनी भंडारा उधळला जातो. पाच-दहा सेकंद हातभर अंतरावरचा माणूसही दिसत नाही. "सदानंदाचा येळकोट" एवढंच ऐकू येतं. त्या वेळी फोटो काढू नकोस, नाक-तोंड ओढणीने झाक आणि हात जोडून उभी राहा. भंडारा खाली बसायला लागतो, ऊन त्यातून तिरपं येतं आणि माणसं एकेक करून पिवळ्यातून बाहेर येतात, तेव्हा फोटो घे. दीपमाळेवर किंवा तटाच्या कठड्यावर चढलेली मुलं दिसतील. तू चढू नकोस.

आता कॅमेरा. लेन्स घरूनच लावून ने, तिथे उघडायची नाही. पुढे साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्स झाकणारी पारदर्शक काच लाव. जाड प्लास्टिकची पिशवी घे, लेन्सच्या तोंडापुरतं भोक पाड आणि रबरबँडने घट्ट बसव. तुझी लेन्स झूम करताना पुढे-मागे होते आणि तेवढ्यात बाहेरची हवा आत ओढते, हवेबरोबर हळदही. म्हणून गर्दीत झूम 35 च्या आसपास ठेवून चिकटपट्टी लाव, आणि जवळचं हवं असेल तर जवळ जा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवलास तर कॅमेरा पिवळा रंग 'सुधारायला' जातो आणि जेजुरी मळकट दिसते. डेलाइटवर, म्हणजे उन्हाच्या सेटिंगवर ठेव. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, थोडं कमी घे, नाहीतर हळदीच्या रंगातले बारकावे जळून जातात. उडता भंडारा कणाकणाने हवा असेल तर शटरचा वेग 1/1000 सेकंद ठेव. फ्लॅश अजिबात नको, जवळचा प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन येतो. ऑटोफोकस हवेतल्या धुरळ्यावर भरकटतो, तेव्हा एखाद्या कळसावर किंवा खांबावर फोकस धरून तो तसाच ठेवायचा. आणि जिथे दिवटी पेटलेली असेल तिथे उधळणाऱ्यांच्या घोळक्यात शिरू नकोस. बारीक पूड हवेत असताना ज्योतीवर भडकते.

राहिलं लोकांचं. नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो ती जोडपी फोटोला हौसेने उभी राहतात, फक्त विचार. वाघ्या-मुरळी हे कलावंत आहेत. आधी त्यांचं एक पद बसून ऐक, बिदागी दे, मग विचार. ज्यांच्या अंगात आलंय त्यांचे फोटो काढू नकोस. ती बाई तासाभराने भानावर येते, तिला विचारलेलं नसतं. गाभाऱ्यात कॅमेरा पिशवीतच. आणि वहीत नाव-पत्ता लिहून घे, प्रत पाठव. टपालाने फोटो आला की माणसं वर्षानुवर्षं आठवण ठेवतात.

संध्याकाळी पालखी गडावर परतल्यावर रोजमुरा म्हणजे ज्वारी वाटतात. आजीसाठी मूठभर मागून आण.

प्रश्न : जेजुरीहून आल्यापासून लेन्सची रिंग करकरते. कॅमेऱ्यावर आणि त्याच्या पट्ट्यावर पिवळे डागही पडलेत. ओल्या कापडाने पुसलं तर पसरले. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ओलं कापड आधी थांबवा, ओली हळद फटीत जाऊन बसते. लेन्स खाली तोंड करून धरा, हाताच्या ब्लोअरने हवा मारा, मग कोरड्या मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण काचेवर बसतात. करकर म्हणजे कण आत गेलेत. रिंग फिरवत राहू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि "हळद गेलीय" असं स्पष्ट सांगा. पट्ट्यावरच्या डागांची काळजी नको. पट्टा काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो.

प्रश्न : अंगात आलेल्या एका बाईंचा फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकला. खूप पसंती मिळाली. आता त्यांच्या मुलाने काढून टाकायला सांगितलंय. फोटो सार्वजनिक ठिकाणचा आहे. काढावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आजच काढा. मित्रांनी पुढे पाठवला असेल तर त्यांनाही काढायला लावा. मग त्या मुलाला फोन करून काढल्याचं सांगा, आणि आई बोलायला तयार असतील तर त्यांची माफी मागा. फोन करा, मेसेज नको.