स्मरणशक्ती नव्हे, सय

मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: 'ऑटोबायोग्राफिकल मेमरी'ला मराठीत काय म्हणावं? कुणाला स्वतःचा भूतकाळ किती आणि कसा आठवतो, हे मोजणारी प्रश्नावली ती मराठीत आणते आहे. तिच्या मार्गदर्शकांनी 'आत्मचरित्रात्मक स्मरणशक्ती' असं सुचवलंय.

कृपा करून हे लिहू नका. आत्मचरित्र म्हणजे लिहिलेलं पुस्तक. ज्याने जन्मात एक ओळ खरडली नाही, त्यालाही शाळेचा पहिला दिवस आठवतो. प्रबंधाच्या मथळ्याला शब्द हवाच असेल तर 'स्वानुभवस्मृती' पुरे.

खरा आक्षेप 'शक्ती'ला आहे. कुणी जुनी गोष्ट रंगवून सांगितली की लगेच 'काय स्मरणशक्ती आहे हो!' हे ऐकून कान किटले. स्मरणशक्ती म्हणजे पाढे, श्लोक, फोन नंबर धरून ठेवण्याची ताकद. आपल्या आयुष्यातला एखादा दिवस पुन्हा समोर उभा राहणं ही वेगळी गोष्ट, आणि हे प्रयोगातही दिसलंय. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एका बाईंची हकिगत छापली. किशोरवयानंतरची कुठलीही तारीख सांगा, त्या दिवशी वार कोणता होता आणि आपण काय करत होतो हे त्या सांगत. पुढे अशी आणखी माणसं सापडली. २०१२ च्या अभ्यासात त्यांना नेहमीच्या स्मरणचाचण्या दिल्या, तर बहुतेक चाचण्यांत ती चारचौघांसारखीच निघाली. मग 'शक्ती' कसली मोजायची?

उलट टोकाची माणसंही आहेत. टोरांटोच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तीन धडधाकट, कामाधंद्यातल्या माणसांबद्दल लिहिलं. आयुष्यात काय काय घडलं हे त्यांना माहीत आहे, पण त्यातलं काहीही पुन्हा अनुभवता येत नाही. म्हणजे माहीत आहे, पण आठवत नाही. हे वाक्य मराठीत किती सहज बसतं बघा! मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंगने १९८५ साली नेमका हाच भेद चाचणीत आणला: समोरची गोष्ट तुम्हाला 'आठवते' की नुसती 'माहीत आहे'? मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. लग्न कुठल्या साली झालं ते मला माहीत आहे, मांडवातला उकाडा मला आठवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो त्या शब्दाकडे येतो. सय. 'माहेरची सय आली' यातली सय. हा कवितेतला लाडिक शब्द आहे, शास्त्रात शोभणार नाही, असं एका जाणकारांनी मला ठणकावून सांगितलं होतं. सपशेल चूक. सय म्हणजे साक्षात 'स्मृति'! संस्कृत स्मृति, पालीत सति, प्राकृतात मधला त गळून सइ, आणि मराठीत सय. मातेची माय झाली तीच ही वाट. बौद्ध घरांत अष्टांगिक मार्गातलं 'सम्मासति' (सम्यक स्मृती) कानावर पडतं, इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेले 'सतिपट्ठान' (सजग राहण्याची साधना) म्हणतात, आणि त्यातली सति ही आजीच्या तोंडातली सय आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. आणखी गंमत म्हणजे 'विसरणे'सुद्धा वि-स्मृ पासूनच आलं. आठवणं मात्र त्या घराण्यातलं नाही.

मग 'आठव' कुठला? त्याला देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला, ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. माझं मत आ + स्था: समोर उभं करणं. स्थ चा ट्ठ आणि पुढे ठ होतो, याचा पुरावा त्याच 'सतिपट्ठान'मध्ये आहे, कारण त्यातलं ठान म्हणजे स्थान. माझं खरं असेल तर या एका पाली शब्दात आपली सय आणि आपला आठव शेजारी शेजारी नांदताहेत. हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. व्युत्पत्तीचा हा अर्धा भाग कुणाला खोडायचा असेल तर खुशाल खोडा, पण ध्वनिबदलाचा हिशेब मांडून खोडा. सयीबद्दल मात्र मी एक पाऊल मागे घेणार नाही.

शिवाय व्याकरण बघा. आठवण काढता येते, ठेवता येते, करून देता येते. सय काढता येत नाही, ती येते. न बोलावता आलेली आठवण आणि मुद्दाम काढलेली आठवण यांतला फरक आपण क्रियापदावर सोपवलाय.

प्रश्नावलीचं राहिलंच. २०१३ ची टोरांटोची प्रश्नावली आणत असाल तर तिचे चार भाग आहेत: घडलेले प्रसंग, माहिती, जागा-वाटा आणि पुढचं डोळ्यांसमोर आणणं. पहिल्या भागात 'मी आठवू शकतो' असं कुठेही लिहू नका, 'मला आठवतं' लिहा. दुसऱ्यात 'मला माहीत असतं' किंवा 'लक्षात राहतं'. या दोन भागांत क्रियापदं अदलाबदल झाली, तर सातारची बाई एका गोष्टीचं उत्तर देईल आणि तुम्ही दुसरीच मोजाल.