डॉग पार्कात कुत्री भांडली, बिल कोणाच्या माथी?

या वेळी पट्टा सोडायच्या पार्कांचीच पत्रं इतकी आली की मांजरवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार, सॉरी. आणि आधीच सांगते, मी वकील नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते तुम्हाला वकिलाशी बोलायला उपयोगी पडावं इतपतच.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. आमची बिट्टू माल्टीज-पूडल मिक्स, जेमतेम साडेचार किलोची. टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) डॉग पार्कात छोट्या कुत्र्यांचा भाग वेगळा आहे पण त्या दिवशी तिथे नुसता चिखल होता म्हणून आम्ही मोठ्यांच्या बाजूला गेलो. एका हस्कीने तिला मानेशी धरून झटकलं. त्याचा मालक तिकडे बाकावर बसून फोनवर बोलत होता, त्याला आम्ही ओरडल्यावर कळलं. इमर्जन्सी, ऑपरेशन, दोन रात्री ॲडमिट, बिल ४,३०० डॉलर. बिट्टू बरी आहे आता. हस्कीवाला म्हणतो पार्कच्या पाटीवर स्पष्ट लिहिलंय की आपापल्या जबाबदारीवर यायचं, आणि एवढंसं कुत्रं मोठ्यांत आणलंत ही तुमचीच चूक, शिवाय बाहेरून तर दोन भोकंच दिसत होती मग एवढं बिल कसलं. आमचे हे म्हणतात जाऊ दे, कोर्टाची पायरी नको. काय करावं?

उत्तर : बिट्टू वाचली हे वाचून जीव भांड्यात पडला.

आधी ती पाटी. अशी पाटी टाउनशिप लावते ती मुख्यतः स्वतःच्या बचावासाठी, म्हणजे उद्या कोणी टाउनशिपलाच कोर्टात खेचू नये म्हणून. हस्कीवाल्याला ती आयती ढाल म्हणून दिलेली नसते. उलट त्याच पाटीवर खाली बारीक अक्षरात बहुतेक हेही असतं की कुत्र्यावर सतत लक्ष ठेवा, अंगावर जाणारं कुत्रं लगेच बाहेर न्या, इजा झाली तर मालक जबाबदार. तर उद्याच जा आणि अख्ख्या पाटीचा फोटो काढा, फक्त त्याने दाखवलेल्या ओळीचा नको.

आता खरी मेख. न्यू जर्सीत कुत्रा माणसाला चावला तर कायदा सरळ आहे, कुत्रा आधी कधी चावलेला असो नसो, मालकाला त्याची कल्पना असो नसो, भरपाई मालकाकडे. पण कुत्रा कुत्र्याला चावला की हा नियम लागू होत नाही, कारण कायद्याच्या लेखी तुमची बिट्टू ही तुमची मालमत्ता. मग तुम्हाला दाखवावं लागतं की समोरच्याने निष्काळजीपणा केला. तो फोनवर होता हे तुमचं पहिलं पान. दुसरं पान त्याहून भारी ठरू शकतं, ते म्हणजे हा हस्की आधीही कोणाच्या अंगावर गेला होता का. हे पार्कात रोज येणाऱ्या मंडळींना पक्कं ठाऊक असतं, कोणता कुत्रा कसा आणि कोणाचा मालक नुसता फोनमध्ये असतो, सगळं. दोघा-तिघांकडून दोन ओळी लिहून घ्या, तारखेसकट.

तुमच्या बाजूचंही बोलायला हवं. चिखल होता हे कारण मला पटतं पण जजला किती पटेल सांगता येत नाही. तिथे दोघांच्या चुकीचा वाटा टक्क्यांत काढतात. समजा तुमची ३० टक्के धरली तर ४,३०० मधले ३,०१० डॉलर मिळतील, आणि तुमची चूक ५० टक्क्यांच्या वर धरली गेली तर हातात भोपळा. माझं विचाराल तर साडेचार किलोचं कुत्रं हस्कींच्यात सोडणं चूकच, पण सोडलेल्या कुत्र्याकडे पाठ करून बाकावर बसणं त्याहून मोठी. कारण असलं भांडण सहसा विजेसारखं कोसळत नाही, आधी कुत्रं ताठ होतं, शेपूट वर, नजर रोखून, दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकून उभं राहतं, ते काही सेकंद जो बघत असतो तोच हाक मारून कुत्रं बाजूला घेऊ शकतो.

आणि ते "दोनच भोकं" प्रकरण. मोठं कुत्रं छोट्याला धरून झटकतं तेव्हा वरची कातडी ढिली असते म्हणून ती दातांबरोबर सरकते, आणि आत ती मांसापासून सुटून येते, स्नायू चिरडतात, कधी बरगडी मोडते, फुप्फुसाला भोक पडतं. वरून दिसतात खरोखर दोन टिकल्या. म्हणून डॉक्टर जखम उघडून आत धुतात, खराब झालेलं कापून काढतात आणि पाणी साचू नये म्हणून नळी ठेवतात, वरवर टाके घालून मोकळे होत नाहीत. तुमच्या हॉस्पिटलकडून ऑपरेशनच्या नोट्स आणि फोटो मागून घ्या, त्या हस्कीवाल्याला त्याच दाखवायच्या.

आणखी एक शंका तुम्ही विचारली नाहीत पण येईलच, की कुत्र्याच्या किमतीपेक्षा बिल मोठं असेल तर? १९९८ साली न्यू जर्सीच्या अपील कोर्टापुढे अशीच केस होती, म्हातारं शिह त्झू, बाजारभाव ५०० डॉलर आणि उपचार सुमारे २,५०० चे, आणि कोर्टाने उपचाराचा खर्च द्यायला लावला. मात्र तुम्हाला झालेल्या मनस्तापाचे पैसे मागू नका. २०१२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने, मालकिणीच्या डोळ्यांदेखत कुत्रं मारलं गेलं होतं तरी, मनस्तापाची भरपाई नाकारली. मला स्वतःला तो निकाल कोरडा वाटतो, पण आहे तो आहे.

क्रम असा ठेवा, आधी त्याला शांतपणे पत्र, बिलाची कॉपी जोडून, आणि त्यात विचारा की तुझा घराचा किंवा भाडेकरूचा इन्शुरन्स आहे का. अशा पॉलिसीत बऱ्याचदा आपल्या कुत्र्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसान येतं (काही कंपन्या ठरावीक जाती वगळतात, तेवढं बघावं लागेल). कितीदा तरी समोरचा माणूस खिशातून द्यायचं म्हणून भांडत असतो आणि इन्शुरन्स म्हटल्यावर एकदम गोड होतो. टाउनशिपच्या ॲनिमल कंट्रोलकडे लेखी तक्रार करा, हस्कीचं रेबीजचं सर्टिफिकेटही त्यातून मिळेल. नाहीच ऐकलं तर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट. तिथे ५,००० डॉलरपर्यंतचं प्रकरण चालतं, वकील लागत नाही, फी थोडी. तुमच्या ह्यांना सांगा, ही कोर्टाची पायरी फार उंच नाहीये.

प्रश्न : मी पुण्याची. आम्ही तिकीट काढून एका पेट पार्कात जातो. गेल्या महिन्यात एक लॅब्रॅडॉर पळत येऊन आमच्या बीगलवर धडकला, चावाबिवा काही नाही, पण आमचा ओरडला आणि मागचा पाय टेकेना. डॉक्टर म्हणतात गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन लागेल. लॅबवाले म्हणतात खेळताना होतंच. पार्कवाल्यांनी सुरुवातीलाच एक फॉर्म सही करून घेतलाय. पोलिसात जाऊ का?

उत्तर : पोलिसात जाऊन वेळ घालवू नका. आता भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे, जुनं आयपीसी २८९, प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणाचं, पण ते माणसाला धोका होण्याबद्दल आहे. प्राण्याला मारण्या-जायबंदी करण्याचं कलम ३२५ आहे त्याला हेतू लागतो, आणि त्या लॅबचा हेतू बिचाऱ्याचा काय असणार, बॉल! जास्तीत जास्त एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून देतील.

आणि तुम्हाला आवडणार नाही, पण इथे मी निम्मी लॅबवाल्यांच्या बाजूने आहे. मोकळं सोडलं की कुत्री धडकणार, ते मान्य करूनच आपण गेट उघडतो. त्यांचा लॅब नेहमीच रानटीपणा करतो, आधी कोणी धरायला सांगितलं होतं आणि त्यांनी हसण्यावारी नेलं, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर निम्मा खर्च माणुसकीने मागा, हक्काने नको. शिवाय डॉक्टरांना एक प्रश्न नीट विचारा, की हे लिगामेंट आधीच झिजत आलं होतं का. कुत्र्यांत ते बहुतेकदा हळूहळू कमजोर होत जातं आणि एक दिवस साध्या धक्क्याने तुटतं, वजन जास्त असेल तर आणखी लवकर, आणि बीगल म्हणजे खाण्याच्या बाबतीत काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. उत्तर "हो" आलं तर लॅबवाल्यांकडचा तुमचा दावा पातळ होतो, पण दुसऱ्या पायाची काळजी आत्तापासून घ्यायला लागा.

पार्कवाल्यांचं मात्र तसं नाही. त्यांनी पैसे घेतलेत, म्हणजे तुम्ही ग्राहक. फॉर्मवर सही घेतली म्हणून त्यांच्या हलगर्जीपणावर पांघरूण पडत नाही. एका वेळी किती कुत्री आत होती, छोटी-मोठी वेगळी ठेवली होती का, लक्ष ठेवायला माणूस होता का, गुळगुळीत फरशी होती का, हे लिहून काढा आणि सीसीटीव्ही फुटेज लगेच मेलवर मागा कारण ते पुसलं जातं. उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तोवर पायासाठी घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषासारख्या लागू शकतात.

प्रश्न : आमचंच कुत्रं चुकलंय. ठाण्यात सोसायटीच्या मागच्या मैदानात सकाळी सगळेच पट्टे सोडतात. आमच्या रॉकीने शेजारच्या काकांच्या पगचा कान फाडला. आम्ही बिल द्यायला तयार आहोत पण काका पैसे घेत नाहीत, म्हणतात कुत्रं हाकला. कमिटीचीही नोटीस आलीये.

उत्तर : ते मैदान पार्क नाही. कुंपण नाही, गेट नाही, कुत्र्यांसाठी म्हणून राखलेलं नाही, तेव्हा "सगळेच सोडतात" हे इथे चालणार नाही, पट्टा सुटला की जबाबदारी पूर्ण तुमची. पण कुत्रं हाकला हे म्हणायचा अधिकार सोसायटीला नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच सोसायट्यांना कळवलंय की पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. हे मात्र काकांच्या तोंडावर फेकू नका. आज संध्याकाळी रॉकीला घरी ठेवून जा, त्याचं लसीचं कार्ड घेऊन जा, ते कार्ड पैशांच्या आधी दाखवा, कारण त्या माणसाच्या डोक्यात पहिली भीती रेबीजची असणार. पैसे काका घेत नसतील तर त्यांच्या डॉक्टरकडे थेट भरून या. कमिटीला लेखी द्या की रॉकी यापुढे सोसायटीत आणि मैदानात पट्ट्यावरच असेल, आणि ते पाळा, चार दिवस नव्हे, कायम. एखाद्या ट्रेनरकडून बास्केट मझलची (तोंडावर बांधायच्या जाळीच्या टोपलीची) सवय लावून घ्या, त्यात कुत्रं धापा टाकू शकतं, पाणी पिऊ शकतं. आणि पेट इन्शुरन्स घेणार असाल तर तिसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर आहे का तेवढं वाचून घ्या, काही पॉलिसींत असतं.

प्रश्न : भांडणारी कुत्री सोडवायची कशी? मिस्टरांनी मध्ये हात घातला आणि आपल्याच कुत्र्याने चावा घेतला.

उत्तर : हात कधीच मध्ये नाही, कॉलरलाही नाही, त्या क्षणी ते कुत्रं तुम्हाला ओळखत नसतं. आधी पाण्याची बादली किंवा बाटली तोंडावर, मध्ये फळी, छत्री, काहीही आडवं. त्याने झालं नाही तर दोन मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे खेचायचं, पण धरून झटकत असेल तर ओढू नका, जखम आणखी फाटते. प्राँग कॉलर (आतून दाते असलेली) आणि चेन पार्कात शिरायच्या आधी काढा, खेळताखेळता दुसऱ्याचा जबडा त्यात अडकतो आणि दोघंही घाबरून ओढायला लागतात, ती भांडणं सगळ्यात वाईट. मिस्टरांची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला हवी होती, धुतली नसेल तर आत्ता धुवा, आणि कुत्रं घरचं आहे, लस झालीये म्हणून घरी बसू नका, आजच डॉक्टरकडे न्या, रेबीजचं इंजेक्शन लागतं की नाही ते त्यांना ठरवू दे.